वैल कुणाचा?

अक्काताई कुणाच्या घरी चूल घालायला गेली की आधी जळणाच्या ढिगाकडे जायची. दोन लाकडं उचलून एकमेकांवर आपटायची आणि कान द्यायची. टण्ण वाजलं तर चहाला हो म्हणायची. बद्द वाजलं तर घरधन्याला सगळ्यांसमोर झापायची, "पानी जाळतोस व्हय रं?" घरधनी सरपंच असला तरी.

ही गोष्ट चंदगड तालुक्यातली, शहाण्णव सालची. मी तिथं ग्रामसेवक होतो. निर्धूर चुलींचं सरकारी काम माझ्या गळ्यात होतं आणि चुली घालायला गडहिंग्लजकडची ही पन्नाशीची विधवा बाई यायची. दहा दिवसांचं प्रशिक्षण घेतलेली, आणि कुणाच्याही बापाला न भिणारी. तांबडी माती, शेण आणि भाताचं तूस मळून ती दोन तोंडांची चूल घालायची. पुढच्या तोंडाखाली जाळ, मागचं तोंड म्हणजे वैल. जाळ पुढून वैलाखाली जातो आणि उरलासुरला धूर धुराड्यातून छपराबाहेर. मात्र दोन्ही तोंडांवर भांडी हवीत. एक जरी उघडं राहिलं तरी धूर घरात येतो.

लाकूड अंगठ्याएवढं फोडा, एका वेळी तीनच घाला, चूल कोंबून भरू नका, राख रोज काढा, उद्याचं जळण आजच चुलीशेजारी सुकत ठेवा, म्हणजे निम्म्या जळणात दोन्ही वेळचं होतं, असं ती बजावून सांगायची. बायका माना डोलवायच्या आणि तिची पाठ वळली की मनगटाएवढी लाकडं चुलीत सारायच्या.

एप्रिलात तिनं धोंडुबाईच्या घरी चूल घातली. धोंडुबाई सत्तरीची, दम्यानं बेजार. आणखी एक पावसाळा धुरात काढला तर म्हातारी दिवाळी बघत नाही, असं डॉक्टरनं तिच्या मुलांना स्पष्ट सांगितलं होतं. आमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने अंगणात बसायची सोय नसते. चूल छान पेटली. मे महिनाभर म्हातारी शांत झोपली.

जूनमध्ये दोन्ही मुलांचं काजूच्या बागेवरून बिनसलं आणि वाटण्या झाल्या. बाग वाटली, म्हशी वाटल्या, भांडी वाटली. स्वयंपाकघर एकच होतं, म्हणून पंचांनी चूलही वाटली. पुढचं तोंड थोरल्याला, वैल धाकट्याला. पंच समाधानानं घरी गेले. हे सगळं कागदावर उतरवलं मी. माझं अक्षर चांगलं आहे.

आठवड्यात तक्रार आली की निर्धूर चूल धूर करते. नोंदवहीत 'बिघाडाचे कारण' असा रकाना होता. त्यात मी न बघताच 'ओले जळण' लिहिलं, कारण सगळ्यांच्याच नावापुढे तेच लिहायचो. मग अक्काताईला निरोप धाडला. ती भर पावसात एस्टीनं आली.

आम्ही घरात शिरलो तर धुरात माणूस दिसेना. थोरली सून विठाबाई पुढच्या तोंडावर भात शिजवत होती. मागं वैल उघडा, त्यातून धुराचा लोट. कोपऱ्यात धोंडुबाई तोंडाला पदर लावून बसली होती. तिच्यात खोकायलाही दम उरला नव्हता. अक्काताईनं दोन लाकडं आपटली. टण्ण वाजली.

"वैलावर भांडं का न्हाय?" तिनं विचारलं.

"वैल जावंचा हाय," विठाबाई म्हणाली. "मी कशाला झाकू?"

धाकटी सून संयोगिता दारातूनच म्हणाली, "हिचं आटपलं की मी माझी येगळी पेटवतो. तवा पुढचं तोंड उघडं. ते हिचं हाय, मी हात लावत न्हाय."

म्हणजे चूल दिवसातून चारदा पेटत होती, जळण दुप्पट जात होतं आणि दोघींचा धूर सासू एकटी खात होती.

"एक भांडं ठेवायला काय जातंय तुमचं?" मी ओरडलो.

"कागदात न्हाय," दोघी म्हणाल्या. त्या महिन्यात त्यांचं एकमत झालेली ही एकच गोष्ट असावी.

अक्काताईनं मला तो कागद वाचायला लावला.

"ह्यात म्हातारीचं काय हाय?"

"महिना थोरल्याकडं जेवण, महिना धाकट्याकडं."

"आणि चुलीत?"

"काही नाही."

"मग लिवा, भाऊसाहेब. जे तोंड रिकामं, ते म्हातारीचं. तिच्या पान्याचं तपेलं त्यावर बसंल. कुणी उतरवलं तर ही चूल मी माझ्या हातानं फोडतो."

मी लिहिलं आणि पंचांच्या सह्या त्याच दिवशी घेतल्या. सुनांनी हरकत घेतली नाही, कारण त्यात जावेचा काही फायदा दिसत नव्हता.

तपेलं बसलं, धूर धुराड्याच्या वाटेला लागला. म्हातारीच्या तपेल्यात कढत पाणी असायचं. ते दोघीही भाताला, डाळीला घेऊ लागल्या. पाणी गार व्हायच्या आत उरकावं म्हणून संयोगिता विठाबाईच्या मागोमाग, त्याच जाळावर आपलं भांडं चढवू लागली. चूल दोनदाच पेटू लागली. एकमेकींशी बोलत मात्र नव्हत्या.

दिवाळीत मी अक्काताईला घेऊन तपासणीला गेलो. धोंडुबाई चुलीपुढं पाय पसरून बसली होती. जूनपासून मी तिचा आवाज ऐकला नव्हता. तेव्हा तोंड उघडलं की खोकलाच यायचा. तिला तशी बसलेली बघून मला मनापासून आनंद झाला. वाटलं, आता ही आशीर्वाद देईल.

"भाऊसाब," ती एका दमात म्हणाली, "पयला कागद लिवलास तवा तुज्या म्होरंच बसलोतो की मी. पंचांस्नी दिसलो न्हाय, ते ऱ्हाऊ दे. तुला बी दिसलो न्हाय व्हय?"

अक्काताई धुराड्यातली काजळी काढत होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही. मला लाज वाटली. मी नोंदवही उघडली, 'बिघाडाचे कारण' या रकान्यातलं 'ओले जळण' खोडलं आणि त्या जागी स्वच्छ अक्षरात 'ग्रामसेवक' लिहिलं.

नोंदवही तालुक्याला जाऊन परत आली. त्या पानावर साहेबांचा 'पाहिले' असा शेरा आहे, खाली सही.