कुलपावरचा हात

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, आमची कॉलनी नवी होती आणि त्यात दुष्काळ. टँकरच्या रांगेचे नंबर मी लावायची. जवळच्याच मुरुड गावाहून आलेली एक बाई पिंपाला साखळी-कुलूप लावूनही दिवसभर त्याला टेकून बसायची. कुणी जवळून गेलं की तिचा हात कुलपावर जाई.

"मावशी, कुलूप आहे ना? जरा पडा आत जाऊन."

"झोपच न्हाई लागत, बाई. मुरुडात घर उघडं टाकून रानात जायचो. इथं कोण कुणाचं हाय? पाण्याचं भ्या न्हाई एवढं. चोर शेजारीणच निघाली, तर अडीनडीला हाक कुणाला मारू?"

मी पुढच्या पिंपाचा नंबर लावला. घरी आले, तर शेजारीण विरजणासाठी वाटी घेऊन ओट्यावर बसली होती. तिला 'या' म्हणण्याआधी मी ओट्याजवळच्या आमच्या पिंपाचं झाकण उचलून पाणी कमी झालंय का ते पाहिलं.