हात लावून मोजलं का?

स्क्रीनला बोट लावल्याशिवाय आक्का काही मोजत नसत. आकडा समोर ठळक दिसत असला तरी त्या प्रत्येक ओळीवर बोट टेकवायच्या, ओठ हलवायच्या आणि मगच पुढच्या ओळीकडे जायच्या. त्यांच्या मॉनिटरवर बोटांचे इतके ठसे असत, की खिडकीतून ऊन आलं की मागची अक्षरंच दिसायची नाहीत. मी एकदा मुद्दाम फडकं नेऊन दिलं. त्यांनी ते घेतलं आणि कीबोर्ड पुसला.

जुन्या जालन्यात धान्याच्या एका ठोक दुकानाच्या वर आमचं वेबसाइट तयार करायचं छोटं ऑफिस आहे. आक्का वडीगोद्रीहून रोज एसटीने यायच्या. वय चाळिशीच्या पुढे. मी पुण्यात शिकून परत आलेला, त्यामुळे स्वतःला जरा शहाणा समजणारा. मी टॅग लिहायचे आणि आक्कांनी ते तपासायचे, अशी कामाची वाटणी होती. साइटवर आलेल्या माणसाने कुठलं बटण दाबलं, कुठला अर्ज भरला, हे मोजणारा जावास्क्रिप्टचा लहानसा तुकडा म्हणजे टॅग. हे सगळे तुकडे टॅग मॅनेजर नावाच्या एका साधनात ठेवायचे आणि तिथून साइटवर सोडायचे. सोडण्याआधी आक्का एकच विचारायच्या, "हात लावून मोजलं का?"

ही सवय त्यांच्या वडिलांची. ते मेंढपाळ. संध्याकाळी मेंढवाड्याच्या तोंडाशी एका बाजूला वडील उभे राहत, दुसऱ्या बाजूला लहानगी आक्का. आत जाणाऱ्या प्रत्येक मेंढीच्या पाठीला दोघांनी हात लावायचा आणि आपापलं मनात मोजायचं. "शेवटाला दोघांचं जुळलं तर भाकर," आक्का सांगायच्या. "न्हाई जुळलं तर सारी मेंढरं पुन्हा बाहेर."

तसंच त्यांनी ऑफिसात चालवलं. दहा टॅग असले तर दहाही बटणं स्वतः दाबून बघायच्या. चाचणीचा अर्ज भरताना नाव लिहायच्या 'काळी बाणी', गाव 'वडीगोद्री', आणि प्रश्नाच्या रकान्यात, 'मी आत आले का?' वडिलांच्या मेंढ्यांची नावं संपली की बकऱ्यांची सुरू व्हायची. तुमच्याही कामाच्या ठिकाणी असं एखादं माणूस असेल. त्याच्यामुळे आपलं काम अर्धा तास लांबतं आणि आपण मनातल्या मनात चरफडत बसतो.

एका बियाणे कंपनीची साइट आमच्याकडे होती. शेतकऱ्याला बियाण्याबद्दल काही विचारायचं असेल तर तो अर्ज भरू शके, नाहीतर 'फोन करा' हे बटण दाबू शके. फोन घ्यायला कंपनीत तीन बायका बसत. बटण तपासताना आक्का ऑफिसच्या मोबाइलवरून खराच फोन लावायच्या आणि समोरून उचलला की म्हणायच्या, "ताई, मी मोजून राह्यले. एक धरा." पलीकडच्या बायका हसायच्या.

भाचीच्या लग्नासाठी आक्का आठवडाभर शहागडला गेल्या, त्याच दिवसांत मी माझी अक्कल पाजळली. अर्ज मोजणारा तुकडा पूर्वी थेट पानाच्या कोडमध्ये होता. मी तसाच एक टॅग मॅनेजरमध्ये केला, पानातला जुना काढायचा विसरलो आणि कुणी तपासायची वाट न बघता सगळं पब्लिश करून टाकलं. कंपनीला दिसणाऱ्या आकड्यांच्या तक्त्यात अर्ज एकदम दुप्पट दिसायला लागले. कंपनीच्या मालकांनी फोन करून माझी पाठ थोपटली. मीही थोपटून घेतली.

आक्का परतल्या त्या दिवशी सवयीने त्यांनी 'फोन करा' दाबलं. "ताई, मी मोजून राह्यले. एक धरा."

स्पीकरवरून आवाज आला, "मोजून घ्या आक्का. एक तारखेपासून आमचं फोनचं टेबल बंद. सगळे अर्जच भरून राह्यले म्हणे."

आक्कांनी फोन ठेवला. 'काळी बाणी'चा एक अर्ज भरला, पाठवला आणि प्रिव्ह्यूमध्ये, म्हणजे कुठला टॅग चालला ते दाखवणाऱ्या खिडकीत, ओळीवर बोट टेकवलं. मग खालच्या ओळीवर.

"एक मेंढी गेली. हे दोन सांगून राह्यलं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "भैय्या, हात लावून मोजलं का?"

मी म्हणालो, "आक्का, मी आत्ता जुना तुकडा काढतो आणि मालकांना ईमेल करतो."

"मेंढी हरवल्यावर चिठ्ठी पाठवतात का? चल."

ऑटोत मी मनातल्या मनात माफी घोकत होतो. नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. मालकांच्या केबिनमध्ये माझं तोंड उघडायच्या आत आक्का म्हणाल्या, "साहेब, आमच्याकडून दोनदा मोजलं गेलं. तुम्हीच एक अर्ज भरून बघा." मालकांनी भरला. आकडा दोनने वाढला. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"म्हंजे लोक अजून फोनच करून राह्यले?"

"बिलकुल. तुमच्या फोनच्या वहीत बघा."

वही आली. मालकांनी पानं उलटली, फोन पहिल्याइतकेच होते; त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं आणि टेबल बंद करायचा विचार तिथल्या तिथे सोडून दिला. आमचं कामही काढून घेतलं नाही.

परतताना मी विचारलं, "चूक माझी होती. 'आमच्याकडून' का म्हणालात?"

"रजेवर जाताना तुला बजावून गेल्ते का मी? न्हाई. मंग?" एवढं बोलून त्यांनी पिशवीतून लग्नाचा लाडू काढून माझ्या हातावर ठेवला. तो खाताना मला रडू येत होतं, आणि ते मी ऑटोतल्या धुळीवर ढकललं.

आक्कांनी मागच्या उन्हाळ्यात नोकरी सोडली. रोजचा प्रवास झेपेना. आता गावाजवळच्या शहागडला हायवेलगत मुलींना कॉम्प्युटर शिकवतात. त्या दिवशी मला त्यांनी एकटं पाठवलं असतं, तर मी वाटेतूनच पळ काढला असता. आज मी या कामात टिकून आहे तो त्यांच्यामुळे. हे त्यांना तोंडावर सांगायला गेलो तर म्हणतील, "जल्दी सांग, वर्ग भरलाय."

परवा त्या कंपनीच्या साइटवर नवीन टॅग लावायचा होता. पब्लिश करण्याआधी मी ऑफिसचा मोबाइल घेतला आणि 'फोन करा' दाबलं. पलीकडे नंबर ओळखीचा दिसला असणार.

"बोला आक्का!"

मी म्हणालो, "आक्का न्हाई, ताई. मी मोजून राह्यलो. एक धरा."

ती म्हणाली, "धरला. बराबर हात लावून मोजा बरं."

मी स्क्रीनवरच्या ओळीवर बोट टेकवलं. एक.