वायरमनचा सर्व्हर

आमच्या कारखान्यातले वायरमन साधा पंखा बंद करायचा असला तरी आधी खोलीभर विचारायचे, "बंद केला तर कुनाचं काय अडंल?" मेन स्विच पाडायचा असला तर विचारूच नका. प्रेस शॉप, स्टोअर, पॅकिंग, माझं टेबल, सगळीकडे स्वतः फिरून यायचे. सुपरवायझर खवळायचे. "अरे, तू वायरमन आहेस की खानेसुमारीवाला?" वायरमन हसायचे, राहिलेल्या दोघांना विचारायचे आणि मगच हँडल खाली ओढायचे.

अंबडच्या त्या कारखान्यात गाड्यांना लागणारे पत्र्याचे भाग बनायचे. मी टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा ते तिथे मुरलेले होते. मूळचे सुरगाण्याकडचे, आयटीआय झालेले. त्यांना नाव होतं, हजेरीपटावर रोज लागायचंही. पण शेठपासून चहावाल्यापर्यंत सगळे वायरमनच म्हणायचे. तोंडावर मी भाऊ म्हणायचे, पण त्यांच्याविषयी बोलताना माझ्याही तोंडी वायरमनच यायचं. अजूनही येतंय, बघा.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा ऑफिसात चार कॉम्प्युटर झाले होते आणि गोंधळ चाळीसांचा. ड्रॉइंगच्या फ्लॉप्या सापडायच्या नाहीत. एकदा जुन्या ड्रॉइंगवरून माल बनला आणि सगळाच्या सगळा परत आला. सगळ्या फायली एका जागी ठेवणारा सर्व्हर हवा, पण खर्च नको, असं शेठचं म्हणणं. लग्न थाटात हवं आणि मांडव नको, अशातली ही तऱ्हा. वायरमन पुढे झाले. "मी बघू का, शेठ?" शेठ म्हणाले, "बघ. स्टोअरमध्ये जुन्या कॉम्प्युटरचा डबा पडलाय. चालवून दाखव, कॉम्प्युटरचं खातं तुझ्याकडे देतो. मग वायरमनकी बंद." हा शब्द शेठनी सगळ्यांसमोर दिला होता. मी तिथे होते.

सर्व्हर चालवायला कुठली सिस्टिम घ्यायची, हे ठरवायला त्यांनी आठवडा घेतला. शाळेची दोनशेपानी वही घेऊन ते प्रत्येकापाशी बसले. "ताई, तुमाला काय लय लागतं? फाइल का छपाई? लाइट गेली तर किती काम वाया जातं?" मला नोकरीत असं काही कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. मग शेठना त्यांनी सांगितलं, विकतची सिस्टिम चांगली आहे, पण या डब्याला ती झेपायची नाही. त्या काळी अंबडमध्ये कॉपी मारलेल्या सीडी बोरं वाटावीत तशा वाटल्या जायच्या. शेठनी अशीच एक पुढे सरकवली. वायरमननी हात लावला नाही. "आकडा टाकून लाइट घेतल्यासारखं हाय ते, शेठ. मी नाय टाकनार."

शेवटी एका मासिकाबरोबर फुकट मिळालेली लिनक्स या मोफत सिस्टिमची सीडी त्यांनी त्या डब्यात घातली. ती बसवताना त्यांचे रविवारही गेले. पुस्तकं इंग्रजीत, म्हणून शब्दकोश घेऊन एकेक ओळ लावायचे आणि अर्थ मराठीत वहीत उतरवायचे. सर्व्हर चालू झाला आणि पुढची चार वर्षं एकाही फाइलसाठी आम्हाला फ्लॉपी शोधावी लागली नाही.

त्याला ते जपायचेही तसेच. खंडेनवमीला कारखान्यातली सगळी यंत्रं बंद करून पूजा व्हायची. एका वर्षी शेठच्या बाई आरतीचं तबक घेऊन आल्या आणि सर्व्हरच्या जाळीवर पळीभर पाणी सोडणार, तोच वायरमन आडवे आले. "वहिनी, हळदकुंकू लावा, झेंडू वाहा. पानी नको, त्याला सर्दी व्हईल." बाई हसल्या, पण शेठचा चेहरा आंबट झाला. चारचौघांत आपल्या बायकोला वायरमननं अडवलं, हे त्यांच्या मनात राहिलं.

कॉम्प्युटरचं खातं काही आलं नाही. "करू, करू" चाललं होतं. मग धंदा वाढला, नवा सर्व्हर घ्यायचं ठरलं आणि पुण्याहून सल्लागार आले. टायवाले. शेठच्या एसी केबिनमध्ये तीन तास बसले. ज्या कोपऱ्यात सर्व्हर होता तिथे ते फिरकलेसुद्धा नाहीत. वायरमन धुतलेला शर्ट घालून, वही हातात घेऊन सकाळपासून केबिनबाहेर उभे होते. सल्लागार बाहेर आले, त्यांनी वायरमनना पाहिलं आणि लॅपटॉपची पिन पुढे केली. "जरा सैल झालीय, बघ रे." वायरमननी वही काखेत धरली आणि पिन दुरुस्त करून दिली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कारखान्यातल्या प्रत्येक माणसाचं काम ज्यात लिहिलेलं होतं, ती वही काखेतच राहिली!

विकतची सिस्टिम घ्यायचं ठरलं. ती निवड चुकली असं मी म्हणत नाही. नवा सर्व्हर पुढे बरा चालला आणि नेमकं हेच माझ्या घशाखाली उतरत नाही. तो बंद पडला असता तर निदान बोट दाखवता आलं असतं. पण चार वर्षं ज्यानं ते ओझं वाहिलं त्याला एका शब्दानं विचारू नये? शेठ त्यांना म्हणाले, "झालं ना तुझं? आता तीन नंबरच्या प्रेसची मोटर बघ." दिलेल्या शब्दाची त्यांना आठवण नव्हती असं नाही, गरज नव्हती.

महिन्याभरात वायरमन नोकरी सोडून गेले. कळवणला मोटर रिवाइंडिंगचं दुकान टाकलं म्हणून कळलं. निरोपसमारंभ नाही, नारळ नाही. खंडेनवमीला जिथे लोखंडाच्या घणालाही हार घालतात, तिथे ही तऱ्हा.

शेठवर आणि सल्लागारांवर एवढं तोंडसुख घेतलं, आता माझंही सांगते. वायरमन अजून कामावर होते तेव्हा सल्लागारांचा अहवाल मीच टाइप केला. इंग्रजी अहवाल, पहिल्याच पानावर एक ओळ होती, कार्यालयात सध्या सर्व्हर नाही. माझी बोटं थांबली. उठून केबिनमध्ये जाऊन "साहेब, हे खोटं आहे" म्हणायला चार पावलं पुरली असती. मी ती ओळ टाइप केली आणि फाइल साठवली, ती वायरमनच्याच सर्व्हरवर.

मीटिंगला तीन प्रती हव्या होत्या आणि प्रिंटर हलेना. सवयीनं मी हाक मारली, "भाऊ, जरा येता का?" ते आले, अडकलेली छपाई मोकळी केली. पानं बाहेर येऊ लागली. शाई नीट उमटतेय का ते बघायला त्यांनी नेहमीसारखं पहिलं पान उचललं आणि वाचलं. चार वर्षांत इंग्रजी वाचायला ते शिकले होतेच. मी कीबोर्डकडे बघत राहिले. त्यांनी सगळी पानं टेबलावर ठोकून सारखी केली, तीन गठ्ठे करून पिना मारल्या आणि माझ्यापुढे ठेवले.

"ताई, बराबर आल्यात का बघून घ्या."

मी न बघताच हो म्हणाले.