उठवायची चावी

तिला मेलेली माणसं उठवायचा पगार मिळायचा. कुणी विचारलं, काय काम करता ताई, तर ती हेच सांगायची आणि विचारणाऱ्याचं तोंड कसं होतं ते बघत राहायची. मग गळ्यातली दोरी ओढून चावी दाखवायची. सायकलच्या कुलपाला असते तेवढीच चावी, फक्त मूठ हिरव्या प्लॅस्टिकची. मैदानावर सगळे तिला चावीताई म्हणायचे. खरं नाव पगारपत्रकात होतं, ते तिथंच राहिलं.

मैदान म्हणजे शहराबाहेरचं लष्कराच्या सरावाचं मैदान. एका कंपनीनं ते चालवायला घेतलं होतं आणि त्यात एक खोटं गाव उभं केलं होतं. लोखंडी कंटेनर एकावर एक ठेवून घरं, प्लायवूडची दुकानं, दुकानांत रंगवलेली फळं, मधोमध विहीर, विहिरीत पाणी नाही. शिपाई यायचे, गावात घुसायचे, लपलेला शत्रू शोधायचे. बंदुका वजनाला खऱ्या, आवाजाला खऱ्या, पण नळीतून गोळीऐवजी लेझरचा किरण निघायचा, डोळ्यांना न दिसणारा. प्रत्येकाच्या अंगात पट्ट्यांचं जाकीट आणि त्यावर छातीला, पाठीला बटणाएवढे काचेचे डोळे. त्या डोळ्यावर किरण पडला की जाकीट किंचाळायला लागायचं आणि खांद्यावर लाल दिवा पेटायचा. म्हणजे तुम्ही मेलात. मेल्यावर उताणं पडायचं. उताणं पडलं की किंचाळणं थांबायचं. मग हलायचं नाही, बोलायचं नाही. चावीताई येणार, जाकिटाच्या भोकात चावी फिरवणार, लाल जाऊन हिरवा दिवा लागणार. झालात जिवंत. लागा कामाला.

गाव म्हटलं की गावकरी लागतात. ते ठेकेदार पुरवायचा, रोजावर. कारखाने बंद पडलेले, दुकानं बुडालेली, वयानं कुणी घेत नाही अशी माणसं. त्यांच्याही अंगात तेच जाकीट. का, तर शिपायानं चुकून गावकरी मारला की त्याचे गुण कापायचे. गरिबाच्या मरणाला एवढी किंमत तरी कुठं मिळते? इथं निदान कुणाचा तरी मार्क जायचा.

चावीताई आधी दप्तरं शिवायची. त्या कारखान्याच्या मालकानं एके सकाळी कुलूप लावलं आणि तोंड काळं केलं. मग ती इथं आली, जाकिटांच्या पट्ट्या शिवायला. धावपळीत पट्ट्या उसवायच्या, काचेचे डोळे सुटून लोंबायचे. ती कंटेनरमधल्या मशीनवर बसून दिवसभर ते परत बसवायची. पुढे मेलेल्यांना उठवत फिरणारे पंच कमी पडायला लागले तेव्हा साहेबांनी उठवायची चावी तिच्या हातात दिली. पगार तोच. मान वाढला म्हणाले. मान हा गळ्यात अडकवायचा असतो, हे तिला तेव्हा कळलं.

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला तिथं तिनंच लावून दिलं. नातं जुळायच्या आधीपासून तो ह्यांच्याच गल्लीतला. सगळे त्याला नाटक्या म्हणायचे, आणि उगाच नाही. लहानपणी पकडापकडी खेळताना हा सापडायच्या बेतात आला की मूठ ओठांना लावायचा आणि ओरडायचा, टाइम प्लीज. खेळ थांबायचा. हा वाकून धापा टाकायचा, पायात काटा गेल्यासारखा लंगडायचा, आणि पकडणारीचं लक्ष जरा हललं की धूम. पकडणारी बहुतेक वेळा हीच असायची. मेल्या, चोरा, म्हणत ती त्याच्यामागं धावायची. पुढे तो घरचा जावई झाला, आई त्याला अहो-जाहो करायला लागली, पण हिच्या तोंडात मेल्याच राहिलं. त्यालाही ते आवडायचं. मैदानावर तर फारच. ही चावी फिरवून म्हणायची, ऊठ मेल्या, आणि तो एक डोळा उघडून विचारायचा, मेलेल्याला मेल्या म्हणतेस, ताई, जरा दुखवट्याचं तरी भान ठेव.

त्याचं मरण बघायला शिपायांची गर्दी व्हायची. कधी भिंत नखांनी ओरबाडत खाली यायचा, कधी गिरक्या घेऊन विहिरीच्या कट्ट्यावर आडवा व्हायचा, बायकोला निरोप सांगायचा. घरीसुद्धा तोच तमाशा. भाजी आणायला सांगितलं की छातीवर हात.

आता मैदानावर खरोखर कुणाला लागलं तर काय ओरडायचं, त्याचाही एक शब्द होता. पहिल्या दिवशी साहेबानं तो इंग्रजीतल्या कागदावरून भराभरा वाचला होता. नो प्ले. कुणाच्या ध्यानात राहतोय? पुढे एका बाईच्या तळव्यात प्लायवूडचा खिळा घुसला तेव्हा तिला तो शब्द काही आठवेना. नाटक्यानं तिच्या वतीनं मूठ ओठांना लावली आणि बोंब मारली, टाइम प्लीज. सगळे हसले, पण समजले सगळे, आणि खेळ थांबला. त्या दिवसापासून मैदानाचा शब्द तोच झाला. मनोऱ्यावर माइक घेऊन बसणारा साहेब, ज्याला सगळे भोंगा म्हणायचे, तोही तोच वापरायला लागला. मोठा अधिकारी पाहणीला आला की कर्ण्यांतून यायचं, टाइम प्लीज. त्याचा फोन वाजला की टाइम प्लीज. खेळ थांबवायचा हक्क फक्त त्या माइकचा होता. चावीनं माणूस उठवता यायचा, खेळ थांबवता यायचा नाही.

त्या दिवशी ऊन पत्र्यातून गळत होतं. पाहुणे यायचे होते म्हणून तोच हल्ला सकाळपासून पुन्हा पुन्हा घेणं चाललेलं. शिपाई चुकायचे, भोंगा ओरडायचा, परत पहिल्यापासून. नाटक्या म्हाताऱ्याच्या सोंगात होता. जाड कोट, त्यावर जाकीट, डोक्याला मफलर. मेल्यावर चावी येईपर्यंत उन्हात पडून राहायचं आणि मेलेल्याला पाणी द्यायचं नाही, असा नियम. कुठल्या शहाण्यानं केला देव जाणे.

शेवटच्या फेरीत त्याचं जाकीट किंचाळलं आणि तो नुसता खाली बसला. गिरकी नाही, निरोप नाही. विहिरीच्या कट्ट्याला टेकून बसला आणि मग कुशीवर कलंडला. उताणा न पडल्यामुळे जाकीट किंचाळतच राहिलं. चावीताई जवळच्याच घराच्या दारात दुसऱ्या एका गावकऱ्याला उठवत होती. तिनं वर पाहिलं तर त्यानं मूठ ओठांना लावलेली. टाइम प्लीज, म्हणाला. हळू म्हणाला, पण तिला ऐकू आलं. तिच्याकडे बघूनच म्हणाला.

ती हसली. चोर तो चोरच, असं तिच्या मनात आलं.

मनोऱ्यावरून भोंग्यालाही दिसलं होतं. कर्ण्यांतून आवाज आला, म्हातारबुवा, टाइम प्लीज पुरे, नीट मरा, जाकीट वाजतंय. त्यावर सगळं गाव हसलं.

तिनं हातातलं जाकीट हिरवं केलं, पुढचं केलं, मग त्याच्याकडे आली. चावी फिरवली. किंचाळणं थांबलं, खांद्यावरचा दिवा हिरवा झाला. ऊठ मेल्या, ती म्हणाली. तो उठला नाही. तिनं पायाच्या अंगठ्यानं त्याला ढोसलं. ऊठ की मेल्या, ऊन लागेल. मग त्याच्या ओठांवर माशी बसली आणि ओठ हलले नाहीत.

कंपनीचा शब्द तिलाही आठवला नाही. ती मनोऱ्याकडे बघून टाइम प्लीज ओरडत राहिली, आणि एक शिपाई त्या दोघांवरून उडी मारून पुढच्या घरात शिरला. खेळ थांबेपर्यंत तो हिरवा दिवा तसाच जळत होता.

पुढचं काही वेगळं झालं नाही, असतं तसंच झालं. कंपनी म्हणाली, माणूस आधीपासून आजारी होता, त्यानं लपवलं. म्हणाली, ठरलेला शब्द त्यानं उच्चारलाच नाही. धाकटी कामगार खात्याच्या दारात जाऊन बसली, उठायचं नाव घेईना, तेव्हा कुठं चौकशी लागली. अख्खी चौकशी एकाच गोष्टीवर अडली होती. त्यानं हाक मारली होती का? मारली असेल आणि खेळ थांबवला नसेल, तर कंपनीनं मारलं. नसेल मारली, तर आपल्या मरणानं मेला, मिटलं. आणि हाक ऐकू येईल एवढ्या जवळ एकच माणूस होतं.

धाकटीनं तिला पहिल्याच दिवशी विचारलं होतं. ताई, तू तिथं होतीस. काही म्हणाला का तो? चावीताई म्हणाली, गडबड होती, काही कळलं नाही. धाकटीनं मान डोलावली, पण त्यानंतर ती हिच्यासमोर कमी बसायला लागली. एका घरात, एका भिंतीला दोघींच्या गाद्या, आणि मध्ये ते कळलं नाही.

भोंगाही शिवणाच्या कंटेनरमध्ये येऊन गेला. कधी नव्हे तो स्वतःच्या हातानं चहा घेऊन आला. मशीन तुमचंच आहे, कायमच्या यादीत नाव घालतोय, म्हणाला. मग दारातून वळून म्हणाला, तुम्हाला तरी कुठं काय ऐकू आलं असेल एवढ्या गोंगाटात. ती सुईत दोरा ओवत राहिली. दोरा काही जाईना.

खरं सांगायचं तिला कंपनीची भीती नव्हती. दप्तराच्या कारखान्यानं ती भीती केव्हाच मारली होती. तिला भीती पुढच्या प्रश्नाची होती. ऐकलं म्हणालं, की दुसरा प्रश्न ठरलेला. मग तुम्ही काय केलंत? आणि ते उत्तर धाकटीच्या समोर द्यायचं होतं.

चौकशीची खोली लांबट होती, पंखा गरागरा फिरायचा आणि वारा खालपर्यंत यायचा नाही. टेबलामागं कामगार खात्याचा अधिकारी, बाजूला कंपनीचा वकील, खुर्चीत भोंगा, मागच्या बाकावर धाकटी. वकिलानं संगणकातली नोंद वाचून दाखवली. प्रत्येक जाकीट आपली खबर आपोआप पाठवत असतं म्हणे. त्या नोंदीनुसार खेळ थांबला तेव्हा सदर गावकरी जिवंत स्थितीत होता. दिवा हिरवा होता. त्यामुळे मृत्यू खेळाच्या नंतर झाला, असं मानायला जागा आहे.

चावीताई उभी राहिली. तिला अजून कुणी बोलावलं नव्हतं.

“हिरवा मी केला,” ती म्हणाली. “तो मेलेला होता आणि मी चावी फिरवली. तुमचं यंत्र म्हणतं जिवंत, तर सांगा की त्याला, घरी ये म्हणून. हाक मारली होती त्यानं. टाइम प्लीज म्हणाला. माझ्याकडे बघून म्हणाला.”

वकील जरासा हसला. त्यानं विचारलं, हे काय लहान मुलांचं मैदान आहे का? ती म्हणाली, शब्द लहान मुलांचा आहे, पण वापरत सगळे होते, हे बसलेत ते साहेबसुद्धा. मोठ्या साहेबांची गाडी आली की कर्ण्यातून काय ओरडता, सांगा. आणि त्या दिवशी टाइम प्लीज पुरे, नीट मरा, असं कोण म्हणालं तेही सांगा. भोंग्यानं पंख्याकडे बघितलं.

मग वकिलानं तो प्रश्न विचारला. शांतपणे, कागद सरळ करत.

“आणि ऐकल्यावर तुम्ही काय केलंत?”

“हसले.”

“मोठ्यानं बोला.”

“हसले म्हटलं ना. मला वाटलं, नाटक करतोय.”

वकिलाची लेखणी लगेच पळायला लागली. कंपनीला एक गळा पाहिजेच होता, तो चालत आला. वकील म्हणाला, म्हणजे निष्काळजीपणा कुणाचा ते आता स्पष्ट आहे. तेवढ्यात मागचा बाक करकरला. धाकटी उभी होती. ती कुणाकडे बघत नव्हती, समोरच्या भिंतीशी बोलल्यासारखी बोलली.

“ती हसली. मीपण हसले असते, तो होताच तसा. पण थांबवायचा माइक तिच्या गळ्यात नव्हता, साहेब. तिच्या गळ्यात चावी होती.”

अधिकाऱ्यानं ते लिहून घेतलं. पुढे निकाल लागला तो असा, की मृत्यू कामावरच झाला, त्याची जबाबदारी कंपनीची. पण कंपनी म्हणजे कोण, हे कुठंच आलं नाही. भोंग्याची दुसऱ्या मैदानावर बदली झाली, माइकसकट. चावीताईला निष्काळजीपणाबद्दल काढलं. आणि कंपनीनं सगळ्या मैदानांवर पत्रक लावलं, की ठरलेल्या शब्दाखेरीज दुसरा शब्द वापरू नये.

पण ते नंतर. त्या दिवशी खोलीतून बाहेर पडताना तिनं चावी गळ्यातून काढून भोंग्याच्या पुढ्यात टेबलावर ठेवली. दोरीनं मानेवर पांढरा वळ पाडला होता. दोघी बहिणी रस्त्यानं निघाल्या. चावीताई पुढे, धाकटी मागं. बसच्या थांब्याशी आल्यावर धाकटीनं विचारलं, “तू हसलीस ते त्यानं बघितलं का?”

“बघितलं.”

धाकटीनं रस्त्याकडे तोंड वळवलं.

“मग त्याला वाटलं असेल, जमलं,” ती म्हणाली. “खपलं आपलं सोंग.”

त्यानं बघितलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत काय होतं ते चावीताईला ठाऊक होतं, आणि जमल्याचं त्यात काहीच नव्हतं. चौकशीत ते कुणी विचारलं नव्हतं, आणि धाकटीनं विचारण्याआधीच स्वतःला उत्तर देऊन टाकलं होतं. बस आली. धाकटी आधी चढली आणि शेजारची जागा तिच्यासाठी धरून बसली.