भैरवीनंतर

सकाळी बाबांनी मोबाइलवर गाणी लावली आणि दोनच गाणी होताच बंद करून ते उठले. यादी मीच करून दिली होती, त्यांनी सांगितलेल्या क्रमाने, शेवटी भैरवी.

"एवढ्यात उठलात?" मी विचारलं.

"भैरवी झाली. त्यानंतर कोण गातं? आठवडाभर असंच चाललंय, ती मधेच कधीही लागते."

मी पाहिलं. क्रम मोडून गाणी लावणारं बटण चालू राहिलं होतं. चालू आणि बंद यांतला फरक राखाडी रंगाच्या दोन छटांचा. हे अ‍ॅप आमच्याच कंपनीचं, ते बटण मीच आखलेलं. "लोकांना कळतं," असं मीटिंगमध्ये ठासून सांगितलेलं.

मैफल कुठे संपते हे यंत्राला कसं कळणार, असं म्हणणार होतो. त्याऐवजी ते बटण बंद केलं.

"मला विचारायचं ना, बाबा."

"मला वाटलं, माझंच बोट चुकतंय."