अर्धमागधीचं अर्धं पद

ऑफिसात आलेल्या प्रत्येक कागदाला आवक नंबर पडतो, गेलेल्याला जावक. किश्श्यांना मात्र कुणी नंबर टाकत नाही, म्हणून ते जावक होतच नाहीत. नुसते साठत जातात. माझ्याकडं असे पुष्कळ पडून आहेत. चहा सांगितलाच आहे तुम्ही, तर ऐका.

मी तांबोळी. नव्वदच्या दशकात बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या एका आर्ट्स कॉलेजात क्लार्क होतो. कॉलेजचं नाव सांगत नाही, पेन्शन चालू आहे अजून! माझ्याकडं काम होतं ते सगळ्या विभागांच्या पत्रव्यवहाराचं. मराठी, हिंदी, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान आणि अर्धमागधी. विभाग सात आणि खोल्या चार. त्यामुळं इतिहास, तत्त्वज्ञान आणि अर्धमागधी एकाच खोलीत नांदायचे. मधे भिंत म्हणून दोन गोदरेजची कपाटं.

* * *

एकदा प्राचार्यांनी फतवा काढला. "विद्यापीठाची समिती कधीही येईल. प्रत्येक विभागानं आपापला इतिहास लिहून ऑफिसात द्यावा."

हिंदीवाल्यांनी अकरा पानं दिली. त्यातली चार प्रस्तावनेची होती. तत्त्वज्ञानाच्या सरांनी विचारलं, "विभागाला सुरुवात असते हे आपण आधीच गृहीत धरलंय का?" त्यांच्या नादाला कुणी लागलं नाही.

खरी गंमत झाली ती इतिहासाची. विभागप्रमुख निंबाळकर मॅडम. सगळी जुनी रजिस्टरं त्यांनी कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवलेली, ती वाळवीनं खाल्ली. मॅडमनी कागद दिला, त्यावर एकच ओळ: "इतिहास विभागाचा इतिहास: विश्वसनीय साधने उपलब्ध नाहीत."

प्राचार्य वैतागले. "अहो मॅडम, विभाग तुम्हीच सुरू केलाय ना?"

"हो सर. पण माझी एकटीची साक्ष एकतर्फी धरली जाईल!"

* * *

आता अर्धमागधीकडं येतो, कारण तिथं माझंच घोडं पेंड खातं.

अर्धमागधी म्हणजे जुनी प्राकृत भाषा, जैनांचे जुने ग्रंथ तिच्यात आहेत. गावातल्या एका कापडवाल्या शेठजींनी हा विषय सुरू करायचा आग्रह धरला, कपाटभर पुस्तकंही दिली. शिकवायला आले देवकाते सर. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेल्या घरातला पोरगा, पुण्याला जाऊन एम.ए. करून आला होता. आवाज मोठा, स्वभाव लोण्यासारखा. त्यांचं पद मंजूर करून घ्यायचा प्रस्ताव मी टाइप केला.

मराठी टाइपरायटर कसा असायचा ते आठवतंय ना? ओळ संपत आली की घंटी वाजायची. मी लिहीत होतो, "आमच्या महाविद्यालयात अर्ध" आणि टिंग! सवयीनं लिव्हर ओढला, खालच्या ओळीवर आलो आणि पुढं ठोकलं, "मागधी विषयाचे अध्यापक पद मंजूर व्हावे." मधली जोडरेघ राहून गेली. प्राचार्यांनी सही केली. ते कागद सहीपुरताच बघायचे.

महिन्याभरानं विद्यापीठाचं पत्र आलं. "आपल्या मागणीनुसार मागधी विषयाचे अर्ध पद मंजूर करण्यात येत आहे."

आपल्या मागणीनुसार!

आम्ही ताबडतोब दुरुस्ती पाठवली की पद पूर्ण हवं आहे, अर्ध नको. त्यावर उत्तर आलं, "पूर्ण मागधीचा अभ्यासक्रम या विद्यापीठात अस्तित्वात नाही." तिसऱ्या पत्राला उत्तर आलं की समिती भेट देऊन खात्री करील, वर्गात पंधरा विद्यार्थी दिसले तर विचार होईल, तोवर अर्ध.

म्हणजे देवकाते सरांना काम पूर्ण आणि नोकरी अर्धी. बरं, हा माणूस मला एका शब्दानं बोलला नाही. उलट म्हणाला, "तांबोळी, घंटी वाजली, त्याला तुम्ही तरी काय करणार?" शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं हो! दोन वर्षं मला त्या माणसाच्या डोळ्याला डोळा देता येत नव्हता.

* * *

ॲडमिशनच्या खिडकीवर दरवर्षी एक तरी वल्ली यायचा. फॉर्म हातात घेऊन एकानं हळूच विचारलं, "भाऊसाहेब, अर्धमागधी घेतली तर पेपर बी अर्धाच आसंल न्हवं?"

मी म्हणालो, "पेपर पूर्ण असतो बाबा."

"मग अर्धं काय आसतंय?"

"आमच्या सरांची नोकरी!"

पोरगा बिचारा खजील झाला आणि त्यानं तोच विषय घेतला. पुढं वर्गात पहिला आला, ते जाऊ द्या.

* * *

आमच्याकडं कोणता विभाग वाढणार आणि कोणता बुडणार हे एसटी ठरवायची. निमगाव केतकीकडची निम्मी पोरं बाराच्या गाडीनं घरी जायची आणि अर्धमागधीचा तास होता बारा दहाला. वर्गात कधी तीन, कधी दोन. एकदा तर फक्त एक पोरगी, तीही छत्री न्यायला परत आलेली.

मग डेपोनं ती बाराची गाडी एकची केली. पोरांना जायला जागा नाही, बाहेर ऊन रणरणतंय आणि चालता पंखा फक्त सरांच्या वर्गात. आठवड्यात वर्ग एकोणीसवर गेला. सुरुवातीला पंख्यासाठी आलेली पोरं नंतर सरांच्या गोष्टींसाठी बसायला लागली, हेही खरं.

वार्षिक मीटिंगमध्ये प्राचार्यांनी कौतुकानं विचारलं, "देवकाते सर, विभागाच्या या वाढीचं श्रेय कुणाला द्याल?"

सर उभे राहिले आणि म्हणाले, "बारामती डेपोला!"

मी ते इतिवृत्तात तसंच लिहिलं. प्राचार्यांनी त्याच्यावरही सही केली.

* * *

सरांचे वडील म्हणजे आबा. मेंढरं विकून त्यांनी शेती धरली होती, पण पटका आणि खांद्यावरची घोंगडी सुटली नव्हती. बाजारच्या दिवशी बारामतीला आले की परत जाताना लेकासाठी भाकरी घेऊन कॉलेजात उतरायचे. स्टाफरूममध्ये बसायला लाजायचे. "हितं समदी मोठी मान्सं," म्हणायचे आणि सरळ सरांच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन टेकायचे.

एक दिवस वर्गात शिरता शिरताच म्हणाले, "दोघं कमी हायती आज."

सरांनी हजेरी घेतली तर बरोबर दोघं गैरहजर! सर म्हणाले, "आबा, न मोजता कसं कळलं?"

"नावं घिऊन मोजत्यात व्हय रं? शंभर मेंढरं आसली तर हितंच दिवस मावळंल की!"

तेव्हापासून निंबाळकर मॅडम बाजारच्या दिवसाची वाट बघायच्या. आबा दिसले की त्यांना आधी आपल्या वर्गाच्या दारात उभं करायच्या.

आणि एकदा सर फळ्यावर प्राकृत शब्द लिहून शिकवत होते. "ण्हाण. ण्हाण म्हणजे स्नान." मागून आबा म्हणाले, "न्हान म्हन की सरळ! एवढ्यासाठनं तुला पुण्याला धाडला व्हय मी?"

वर्ग खदखदला. सर हसले नाहीत. फळ्याकडं बोट करून पोरांना म्हणाले, "बघा. जे पुस्तकात आहे ते ह्यांच्या तोंडात आहे. आपलं बोलणं गावंढळ आहे म्हणून लाजत जाऊ नका." मी हजेरीपट द्यायला गेलो होतो, दारातच थांबलो. मलाही ते फार बरं वाटलं.

* * *

सरांना स्थळ आलं इंदापूरकडचं. मुलगी शालन, डी.एड. झालेली, चुणचुणीत. बघायला जाताना आबांनी मलाही गाडीत घातलं, कारण सरांचा बायोडाटा मीच टाइप केला होता.

आता तुम्ही ओळखलंच असेल. टाइपरायटर तोच आणि माणूसही तोच!

मुलीचे वडील रामभाऊ. त्यांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं, "शिक्षण, एम.ए. अर्ध." थांबले. खालची ओळ वाचली. मग आबांकडं बघून म्हणाले, "आन नोकरी बी अर्धीच हाय, आसं ऐकलंय. शिक्षान अर्धं, नोकरी अर्धी. पोरगं तरी अख्खं हाय न्हवं?"

माजघरातल्या बायांना हसू फुटलं. सर कपातल्या चहाकडं बघत बसले. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मी घसा खाकरून टाइपरायटरची सगळी कर्मकहाणी सांगितली, पण रामभाऊ व्यवहाराला पक्के.

"पोरगं चांगलं हाय, मला पटलंय," ते म्हणाले. "पर तुळशीच्या लग्नापातूर पूर्ण नोकरीचा कागद आना. आला की त्याच दिशी सुपारी फोडू. न्हाय आला तर एमआयडीसीतलं एक स्थळ दारात हुबंच हाय."

निघताना शालन कप गोळा करत होती. आबांच्या पाया पडली आणि हळूच म्हणाली, "मानूस अख्खा हाय आबा, मला दिसतंय. कागदाचं तेवढं बघा."

येताना एसटीत आबा माझ्या शेजारी बसले होते. उतरायच्या वेळी माझा हात धरला. "तांबोळीभाऊ, सून लई ग्वाड हाय. कागदापायी हातची जाऊ दिऊ नगा." मी मान हलवली.

त्या दिवसानंतर मी विद्यापीठाला सात स्मरणपत्रं धाडली. सगळी हातानं लिहून!

* * *

दसरा झाला आणि समिती आली. दोघं जण. अध्यक्ष प्राकृतचे म्हातारे पंडित, ऊन असतानाही गळ्यात मफलर. दुसरे सदस्य सारखे घड्याळाकडं बघणारे.

अध्यक्षांनी आधी ऑफिसात फाइल मागितली. पानं उलटत उलटत ते नेमके त्या पहिल्या पत्रावर थांबले. कागद लांब धरला, मग जवळ धरला. ओळीच्या शेवटी बोट ठेवलं, खालच्या ओळीवर आणलं. चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"हे टाइप कुणी केलं?"

"मी, सर."

"नाव?"

"तांबोळी."

फाइल मिटली. प्राचार्य म्हणाले, "चहा घेऊ या?" अध्यक्ष म्हणाले, "आधी वर्ग."

नेमका बाजारचा दिवस. वर्ग भरलेला, पंखा चालू आणि शेवटच्या बाकावर आबा, मांडीवर भाकरीचं फडकं. घड्याळवाल्या सदस्यांनी पेन्सिलीनं डोकी मोजली. "वीस."

"एकोनीस," मागून आवाज आला. "मला धरू नगा. मी पालक हाय."

अध्यक्षांच्या ओठाचा कोपरा हलला. ते पोरांकडं वळले. "घाबरू नका. सोपे शब्द विचारतो. माउसिया?"

"मावशी!" चार-पाच जण ओरडले.

"ण्हाण?"

"न्हाण!" सगळा वर्ग. आबांनी समाधानानं मान डोलावली.

"शाब्बास. सुण्हा?"

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. देवकाते सरांचा चेहरा पडला, तो धडा पुढच्या महिन्यातला होता. सदस्यांनी वहीत काहीतरी खरडलं. मी दारात उभा होतो.

"सुण्हा," अध्यक्ष पुन्हा म्हणाले. "घरातलं माणूस आहे. कोण सांगेल?"

बाकाला हात देऊन आबा उभे राहिले.

"सून!"

"बरोबर!" अध्यक्ष चकित झाले. "आजोबा, तुम्ही हे कुठं शिकलात?"

"शिकायचं काय त्यात?" आबा म्हणाले. "तिचीच तर वाट बघतुया! तुमच्या त्या अर्ध्या कागदापायी माजी सून तिकडं इंदापुरात अडकून पडलीया. तुळशीच्या लग्नापातूर पूर्ण कागद न्हाय गेला, तर एमआयडीसीवाला घिऊन जाईल तिला!"

पोरं हसायची विसरली. देवकाते सर फळ्याकडं तोंड करून उभे राहिले.

अध्यक्षांनी मफलर सोडला. सदस्य म्हणाले, "सर, रिपोर्ट आपण पुण्याला गेल्यावर सावकाश..."

"पुण्याला कशाला? तुळशीचं लग्न पुण्यातही त्याच दिवशी असतं!" अध्यक्ष म्हणाले आणि दाराकडं वळले. "तांबोळी, कागद-पेन घेऊन आत या. मी सांगतो, तुम्ही लिहा."

मी पहिल्या बाकावर, पोरांच्यात बसलो. ते सावकाश सांगत होते, "पद पूर्ण करावे, अशी समिती एकमताने शिफारस करीत आहे." मी लिहिलं. ते माझ्या खांद्यावरून वाकले.

"आता वर विषयाचं नाव घाला. आणि तांबोळी, अर्धमागधी एका ओळीत लिहा!"