आमच्या घरातली वरची खोली

“ज्या पोरीनं कधी शेजारी जाऊन विरजन मांगलं नाही, ते जपानले चालली,” मोठी आई फाटकाशी शेजारच्या काकूंना सांगत होती.

“तिकडं विरजन लागत नसन,” काकू म्हणाल्या आणि दोघी हसल्या.

मी गाडीत मागच्या सीटवर बसले होते. काच बोटभर खाली होती. फोनमध्ये काहीतरी शोधत असल्यासारखी मी मान खाली घातली. मोठी आई म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची बायको. तिचं घर आमच्या घराला लागूनच, त्यामुळे माझ्या सगळ्या खोडी तिला पाठ. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. विरजण संपलं की मी आईला सांगायचे, राहू दे, आज दही नको.

बाबा डिकीत बॅग ठेवत होते. यवतमाळात, लोहाऱ्याच्या रस्त्याला, त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारी तिथे येतात आणि तांब्याची नवी तार भरून परत जातात. बॅगेला चेन होती, कुलूप होतं, तरी ते तिच्याभोवती दोरी आवळत होते. “मशीनवर फेकतेत बॅगा,” ते म्हणाले, जणू विमानतळ त्यांनी आतून पाहिला होता. आई वरच्या मजल्यावरची माझी खोली बंद करून खाली आली. बाबा दोरीची गाठ मारता मारता म्हणाले, “खोली हाय तशीच ठेवतो. तू येशीन तवा सगळं जागच्या जागी भेटन.” मी मान हलवली. नागपूरच्या विमानतळापर्यंत बाबांनी दोनदा गाडी थांबवून डिकीतली गाठ तपासली.

या गोष्टीला तीन वर्षं होऊन गेली. खोली अजून तशीच आहे. अभ्यासाचं टेबल, स्टीलचं कपाट, खिळ्याला अडकवलेला शाळेचा टाय. बाबा दर रविवारी तिथे झाडू मारतात, हे मला आईकडून कळतं.

आणि गेल्या काही आठवड्यांपासून घरी फक्त त्या खोलीचाच विषय आहे. मारेगावच्या माझ्या मामाच्या मुलीला, रुचिताला, यवतमाळला नर्सिंगला प्रवेश मिळाला आहे. होस्टेल मिळालेलं नाही. मारेगावहून रोज येणं-जाणं करण्यासारखं अंतर नाही, आणि अनोळखी ठिकाणी मुलीला ठेवायला मामा तयार नाही. आमच्याकडे जागा झाली तर ठीक, नाहीतर यंदा राहू दे, असं तो म्हणतो. आमच्याकडे ‘यंदा राहू दे’ म्हटलेल्या मुलींचं पुढचं वर्ष कसं जातं, हे मी सांगायला नको.

आई फोनवर विचारते, “रुचिता वरती राह्यली तं चालन का तुले?”

मागून बाबा म्हणतात, “अन् हे आली तं कुठं झोपन?”

मग दोघंही माझ्या उत्तराची वाट बघतात. मी म्हणते, बघू. एकदा म्हटलं, परीक्षा आहे. एकदा नेटवर्कचं कारण दिलं.

खरी गोष्ट मी घरी सांगितलेली नाही. मार्चमध्ये माझा वृद्धांच्या देखभालीचा कोर्स संपतो. ज्या वृद्धाश्रमात मी शिकता शिकता काम करते, त्यांनी मला नोकरी देऊ केली आणि मी त्यांना होकार दिला. रुचिताला खोली द्यायला हो म्हणणं म्हणजे मी परत येणार नाही, हेच आईबाबांना सांगणं. आणि न सांगणं म्हणजे एका मुलीचं वर्ष माझ्या गप्प राहण्याखाली अडकवून ठेवणं.

गप्प राहण्याचा हा गुण मी इथे आणला की इथून घेतला, मला नीट सांगता येणार नाही. यवतमाळला मी इंग्लिश मीडियममध्ये शिकले. शाळेत मराठी बोललं की ओरडा बसायचा, आणि गल्लीत तोंडून इंग्रजी निघालं की मोठी आई म्हणायची, “आली मॅडम.” दोन्हीकडून सुटायचा सोपा मार्ग म्हणजे न बोलणं. पण आमच्याकडे गप्प माणसाला कोणी गप्प राहू देत नाही. लग्नात, बारशाला, किराण्याच्या दुकानात, सगळीकडे तेच. काहून बोलत नाही तू? तब्येत बरी नाही का? गर्व आला का?

नागोयाजवळच्या या लहान गावात आले आणि पहिल्यांदा माझं गप्प राहणं कोणाला खटकलं नाही. ट्रेनमध्ये सगळे गप्प. लिफ्टमध्ये गप्प. भाषेच्या शाळेतल्या बाईंनी पहिल्याच महिन्यात माझं कौतुक केलं, म्हणाल्या, तुम्ही फार शालीन आहात. मी खोलीवर येऊन बराच वेळ त्या वाक्याचा विचार केला. ज्या गोष्टीवरून आयुष्यभर ऐकून घेतलं, तीच इथे रीत होती.

तुमच्यातले जे माझ्यासारखे घरून निघून कुठेतरी जाऊन राहिले आहेत, त्यांना हे पटेल. आणि जे मागे राहिले आहेत त्यांना वाटेल, मग सुखी आहे म्हणायची. तसं नाही. दुकानात पैसे हातात देत नाहीत, एका छोट्या ट्रेमध्ये ठेवायचे असतात. उरलेले पैसेही ट्रेमध्येच परत येतात. सुरुवातीला मला हे फार आवडलं. आमच्या गल्लीतला दुकानदार सुटे पैसे तळहातावर दाबून ठेवायचा आणि विचारायचा, बाप दुकानात आहे का घरी? इथे ती कटकट नाही. मग एकदा लक्षात आलं की कित्येक महिन्यांत माझ्या हाताला कोणाचा हात लागलेला नाही. पहिला हात लागला तो वृद्धाश्रमातल्या एका आजींचा, आंघोळीनंतर त्यांना उठवताना. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. तो हात सुटू नये असं मला वाटत होतं, आणि त्यांना वाटत होतं आपण पडू नये. एवढंच.

मी थकलेली असते. इथे सगळेच थकलेले असतात आणि एकमेकांना तसं सांगतात. कामावरून निघताना ‘ओत्सुकारेसामा’ म्हणायची पद्धत आहे. म्हणजे, दमलात, खूप केलंत. दिवसभरात हा एक शब्द मी मनापासून बोलते.

आता इथल्या एका टेबलाचं सांगते, कारण त्याच्यामुळेच मी हे लिहायला बसले.

इथे मोठी वस्तू टाकायची तर आधी नगरपालिकेला फोन करून दिवस ठरवायचा, दुकानातून स्टिकर विकत घ्यायचं, ते चिकटवायचं आणि ठरल्या दिवशी ती वस्तू कचऱ्याच्या जागी ठेवायची. हे मला शिकवलेलं होतं. पण एका संध्याकाळी कामावरून येताना तिथे एक ठेंगणं लाकडी टेबल दिसलं. खाली बसून जेवता येईल असं, आपल्या चौरंगाहून थोडं मोठं, कडा वापरून गुळगुळीत झालेल्या. माझ्या खोलीत जेवायला काहीच नव्हतं, ताट मांडीवर घ्यायचे. मी बाबांची मुलगी. आमच्या घरात बिघडलेला पंखाही कोणी टाकत नाही; आणि फाटकाबाहेर काही ठेवलं तर ज्याला लागेल तो घेऊन जातो, त्यात विचारायचं काय. मी टेबल उचललं, वर नेलं आणि जमिनीपर्यंत काच असलेल्या खिडकीला लागून ठेवलं. स्टिकर पाण्याने ओलं करून अलगद काढलं.

दोन दिवसांनी खालच्या मजल्यावरच्या कातो-सान दारात आल्या. इथे नावापुढे सान लावतात, आपल्याकडे ताई-काका लावतो तसं. पांढरे केस, कमरेत थोड्या वाकलेल्या. थंडी वाढली, म्हणाल्या. मी म्हटलं, हो, वाढली. मग माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाल्या, “ते टेबल... जरा...” आणि थांबल्या.

मी म्हटलं, हो, फार छान आहे.

त्यांनी वाकून नमस्कार केला आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या ऑफिसमधून मला बोलावणं आलं; कातो-साननी तिकडे कळवलं होतं. तिथल्या बाई आवाज न चढवता म्हणाल्या की टाकलेली वस्तूसुद्धा गाडी येईपर्यंत ज्याची त्याचीच असते. स्टिकर लावलेली उचलली की चोरी ठरते. आणि परदेशी मुलींना खोली मिळवून देणं सोपं नसतं. माझे कान तापले. ‘जरा’ म्हणून वाक्य सोडून दिलं की इथे ते पूर्ण झालेलं असतं. तीन वर्षांत मी स्वतः असं किती वेळा बोलले होते. पण ऐकायची वेळ आली तेव्हा मी यवतमाळच्या कानांनी ऐकलं. तिथे माणसाला टेबल परत हवं असेल तर तो दारातूनच म्हणतो, ओ पोरी, टेबल ठेव तिकडं.

मी टेबल घेऊन खाली गेले, इतक्या वेळा माफी मागितली की कातो-सान हात हलवून थांबवायला लागल्या. त्यांनी नवं स्टिकर आणलं होतं. गाडीची पुढची पाळी येईपर्यंत टेबल जिन्याखाली ठेवायचं ठरलं. आम्ही दोघींनी ते दोन बाजूंनी धरलं. मला तेव्हा वाटलं, एवढं चांगलं टेबल, मला दिलं असतं तरी चाललं असतं. चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण त्या हळूच बोलल्या. मला समजावं म्हणून अगदी सोपी वाक्यं वापरली त्यांनी.

“माझे मिस्टर यावर जेवायचे. टाकायचं ठरवायला मला पुष्कळ दिवस लागले. संध्याकाळी तुमच्या खोलीत दिवा लागला की अंगणातून ते दिसतं. मग मला परत ठरवावं लागतं.”

त्यांनी स्टिकर तळहाताने दाबून बसवलं, टेबलाच्या कडेवरून एकदा हात फिरवला आणि त्याला म्हणाल्या, “ओत्सुकारेसामा.”

वर येऊन मी ताट मांडीवर घेऊन जेवले. वरण पातळ झालं होतं. मोठ्या आईने पाठवलेलं तिखट जास्त पडलं होतं. नाक वाहत होतं, आणि मी ते तिखटावरच ढकललं. रविवारी सकाळी दुकान उघडण्याआधी झाडू घेऊन जिना चढणारे बाबा मला सारखे दिसत होते. मी ज्याला ‘बघू’ म्हणत होते, ते त्यांना दर आठवड्याला वर चढून बघावं लागत होतं.

मी परत जाणार नाही याचं कारण कोणी विचारलं तर माझ्याकडे सांगण्यासारखं मोठं काही नाही. तिथे कोणी माझं वाईट केलं नाही. इथे कोणी डोक्यावर घेतलेलं नाही. इथल्या थकव्यात मला मी सापडते, एवढंच म्हणता येईल. कदाचित कातो-सानसारखी एकटी म्हातारी होईन आणि अर्धी वाक्यं बोलेन. घर म्हटलं की अजूनही मनात जिना येतो, खालून येणारा फोडणीचा वास येतो, मोठ्या आईचं भिंतीपलीकडून ऐकू येणारं बोलणं येतं. ते सगळं तिथे असावं, चालत राहावं, असं मला फार वाटतं. पण ते माझ्यासाठी थांबलेलं नसावं. थांबलेलं घर म्हणजे दुकानात येऊन पडलेली मोटर, जिला न्यायला कोणी येत नाही. बाबाच म्हणतात, तिची जागा दुसऱ्या मोटरले लागते.

परवाच्या रविवारी फोन केला. इथे दुपार, तिथे सकाळ. बाबांनी व्हिडिओ सुरू केला आणि फोन हातात घेऊन जिना चढायला लागले. पडद्यावर पायऱ्या, मग त्यांची हनुवटी, मग पुन्हा पायऱ्या. वर पोहोचेपर्यंत त्यांना दम लागला होता.

“पंखा आवाज करत होता तुया,” ते म्हणाले. “मीच भरला काल. पाह्य आता.”

त्यांनी बटण दाबलं. पंखा फिरायला लागला. त्यांनी फोन वर छताकडे धरला, म्हणजे मला नीट दिसावं.

“आला का आवाज?”

“नाही आला.”

“येनारच नाही. दहा वर्षं पाहा लागत नाही आता.”

खालून आई ओरडली, “तिले विचारा ना. भाऊचा फोन आलता. दोन दिवसांत सांगा म्हन्ते तो, नाहीतं नर्सिंगची जागा सोडतो म्हन्ते.”

“विचारतो ना, थांब जरासक,” बाबा म्हणाले, आणि विचारलं नाही. फोन अजून छताकडेच होता. मला फक्त पंखा दिसत होता, त्यांचा चेहरा नाही. तेच बरं झालं. चेहरा दिसला असता तर मी पुन्हा नेटवर्कचं काहीतरी सांगितलं असतं.

“बाबा,” मी म्हणाले.

“बोल ना.”

“मला इथे नोकरी मिळाली आहे. मी हो म्हटलंय. मी तिकडे भेटायला येईन, दरवर्षी येईन. राहायला नाही येणार, बाबा. खोली रुचिताला द्या.”